उंबऱ्याबाहेरचा श्रोता

जुन्या ध्वनियंत्रांविषयीच्या स्मरणलेखनाला अलीकडे बहर आला आहे. गॅरार्डचे ३०१ टर्नटेबल, क्वाडचे १९५७ सालचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर ही नावे त्यात कुलदैवतांसारखी उच्चारली जातात. या लेखनातील जिव्हाळा खोटा नाही. त्याची दृष्टी मात्र तोकडी वाटते.

व्हॉल्व्हचा आवाज उबदार, म्हणून तोच अस्सल, असा एक दावा नेहमी केला जातो. वस्तुतः ती ऊब पुष्कळदा यंत्राने मूळ स्वरात मिसळलेल्या जादा उपस्वरांची असते. कानाला ते गोड लागतात, पण ते गायकाचे नव्हेत. त्याआधीची लाखेची तबकडी तर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले, आणि पोलादी सुई दर वेळी तिची खाच झिजवीत असे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयालाही ओडियनच्या तबकड्यांत तेवढ्यातच राग बसवावा लागला. तेव्हा हळहळ अस्सल आवाजासाठी आहे, हे म्हणणे टिकत नाही. सारेगामाने २०१७ साली आणलेल्या ‘कारवाँ’त पाच हजार गाणी आधीच भरलेली होती, रूप तेवढे जुन्या रेडिओचे. लोकांनी ते उचलून धरले, यातच काय ते आले.

माझा खरा आक्षेप निराळाच आहे. हे सारे लेखन यंत्राच्या मालकांनी केलेले आहे. दिवाणखाना, शिसवी कपाट, वडिलांची शिस्त, ‘हात लावू नकोस’ ही दटावणी. दिवाणखान्याबाहेर कोणी ऐकत होते की नाही, याची दखल क्वचितच. (हा दोष माझ्याही जुन्या टिपणांत आहे.)

उळवीच्या आसपास स्थिरावलेल्या आपल्या जुन्या घरांत विजेचे दिवे येण्याआधी किल्लीचा ग्रामोफोन आला. पुढे बॅटरीवरचा रेडिओ आला; १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र त्यावर लागे. आमच्या आजोबांची पेटी माजघरात असे. सुपारी सोलायला आलेली माणसे अंगणात बसत. आवाज भिंतीपलीकडून त्यांच्यापर्यंत जाई. त्यांना आत बोलावल्याचे मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर एकदा गावी गेलो असता त्यांतले एक वृद्ध गृहस्थ भेटले. तबकड्यांचा विषय त्यांनीच काढला. मग जरा थांबून विचारले, “अण्णा, ती पेटी दिसायला कशी होती?”

मी हातांनी आकार दाखवीत सांगू लागलो: काळी चौकोनी पेटी, उजवीकडे किल्ली, झाकणात सुयांची डबी. त्यांनी मान डोलावली आणि त्यांतली एक चीज गुणगुणायला घेतली. शब्द अर्धेमुर्धे होते, सूर मात्र पक्का. अंतऱ्यापाशी मात्र त्यांनी आवाज हळूहळू खाली घसरू दिला. मला वाटले, दम लागला. मग ध्यानात आले: किल्ली संपत आली की आमची पेटी नेमकी तिथेच घसरत असे.