व्यासपीठ, प्रमाणपत्र आणि उदगीरचा दगड

नांदेड-लातूरकडच्या व्याख्यानांबद्दल लिहायला बसले की नरहर कुरुंदकरांना टाळता येत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे हे प्राचार्य 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच गेले आणि तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक वक्ता त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. ही तुलना बहुधा चुकीच्या गोष्टीवरून होते. लोकांना आठवते ती त्यांची स्मरणशक्ती आणि हातात कागद न घेता बोलणे. मला मोलाची वाटते ती त्यांची प्रश्न ठरवण्याची रीत.

'श्रीमान योगी'ची प्रस्तावना आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असेल. ती मुळात रणजित देसाईंना लिहिलेले पत्र. शिवाजी महाराज 1680 मध्ये गेले. त्यानंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि 1707 मध्ये इथेच मेला. एवढा काळ, राजा मारला गेला, राजधानी गेली, खजिना आटला, तरी सामान्य माणसे लढत राहिली. ही माणसे का लढली, याचा उलगडा ज्या चरित्रात होत नाही ते चरित्र अपुरे, अशी कुरुंदकरांची भूमिका. नायकाची उंची त्याच्या मृत्यूनंतरच्या काळावरून मोजायची, ही कसोटी साध्या श्रोत्यालाही कळते आणि अभ्यासकालाही सुटका देत नाही. लोकव्याख्यान याहून अधिक काय करणार?

पण इथे एक गोष्ट आपण विसरतो. कुरुंदकर प्रामुख्याने छापील साधनांची फेरमांडणी करणारे विचारवंत होते. अशा वक्त्याला मागे कुणीतरी साधने वाचून ठेवलेली लागतात. ते काम करणाऱ्यांत एक माणूस आमच्याच मातीतला होता. सेतुमाधवराव पगडी, जन्म 1910, गाव निलंगा. सरकारी नोकरीत राहून त्यांनी भीमसेन सक्सेना, खाफीखान, साकी मुस्तैदखान यांचे फारसी वृत्तांत आणि मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली. आदिलाबादकडे असताना गोंडी शिकून तिचे व्याकरणही लिहिले! लातूर जिल्ह्यात कुरुंदकरांच्या मानाने पगडींचे नाव फार कमी ऐकू येते. वक्ता आठवणीत राहतो, भाषांतरकार राहत नाही.

आता जरा अवघड मुद्दा. पगडींच्या पिढीला उर्दू-फारसी सहज आली, कारण हैदराबाद संस्थानात राज्यकारभार उर्दूत होता आणि उच्च शिक्षणही उर्दूत होते. ती मराठी माणसावर लादलेली भाषा होती. त्याविरुद्ध आमच्या वडीलधाऱ्यांनी लढा दिला, तो योग्यच होता. 17 सप्टेंबर 1948 नंतर शाळा मराठी झाल्या. पण लादलेली भाषा सोडताना आम्ही तिची लिपीही सोडली, आणि तीनशे-चारशे वर्षांच्या इतिहासाची किल्ली तिच्याबरोबर गेली. मराठवाड्याच्या मध्ययुगावर आज मराठीत निबंध लिहिणारा बहुतेक जण पगडींच्या किंवा त्यांच्यासारख्यांच्या भाषांतरावर उभा असतो. महानुभावांची सांकेतिक सकळ लिपी राजवाड्यांनी उलगडली, पण ती वाचू शकणारा मराठीचा प्राध्यापक माझ्या ओळखीत दोनच आहेत. दोघेही निवृत्त. मोडीची अवस्था त्यातल्या त्यात बरी.

या पार्श्वभूमीवर आमच्याकडच्या चर्चासत्रांकडे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने चर्चासत्रातल्या निबंधवाचनाला गुण दिले आणि पदोन्नती त्या गुणांना बांधली. हेतू वाईट नव्हता. पण पुढे काय झाले ते महाविद्यालयात शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. निबंधांचा ग्रंथ आयएसबीएनसह चर्चासत्राच्या सकाळीच तयार असतो, म्हणजे चर्चेचा त्यावर काही परिणाम होण्याची सोयच उरत नाही. उद्घाटन लांबते, जेवण लांबते आणि निबंधाला पाच मिनिटे मिळतात. 'संतसाहित्यातील सामाजिक समता' हा विषय मी इतक्या वेळा ऐकला आहे की नामदेवांच्या जागी चोखोबा घातले तरी परिच्छेद तसाच चालतो हे मला पाठ झाले आहे. नांदेडला बसून नामदेवांवर बोलताना, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत एवढे सांगून वक्ता खाली बसतो. ती पदे आणि मराठी गाथेतला नामदेव यांच्यात फरक कुठे पडतो, हे पाहायला शहरात सचखंड गुरुद्वारा आहे, गुरुमुखी जाणणारी माणसे आहेत. पण जाणार कोण? नांदेडच्या शेष घराण्यातला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वामन पंडितावर तर मी गेल्या कित्येक वर्षांत निबंध ऐकलेला नाही. 'यथार्थदीपिका' पाच मिनिटांत बसत नाही, हे एक कारण असावे.

हे सारे मी बाहेरून बोलत नाही. सत्राध्यक्ष म्हणून मी अशा कार्यक्रमांत बसलो आहे, न ऐकलेल्या निबंधांना 'अभ्यासपूर्ण' म्हटले आहे आणि प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर सह्या केल्या आहेत.

लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात (नाव महत्त्वाचे नाही) मध्ययुगीन मराठवाड्यावर असेच सत्र होते. शेवटी, 'कुणाला प्रश्न?' असे मी रिवाजाप्रमाणे विचारले. मागच्या बाकावरून पदवीच्या वर्गातली एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, आमच्या उदगीरच्या किल्ल्यात दगडांवर लिहिलेलं आहे. ते काय आहे?" व्यासपीठावर आम्ही चौघे होतो. उदगीरवर तासभर बोलू शकणारे होते. 1760 ची लढाई, सदाशिवरावभाऊ, निजाम, सगळे सांगता आले असते. पण दगडावरची ती फारसी अक्षरे चौघांपैकी एकालाही लागत नव्हती. "त्यावर स्वतंत्र संशोधन व्हायला हवं," असे मी म्हणालो आणि आभारप्रदर्शन सुरू झाले.

ते वाक्य मला पुढे पुष्कळ दिवस टोचत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत मी उदगीरला गेलो. ती मुलगी आणि तिचे वडील बरोबर होते. गावातल्या उर्दू शाळेचे एक निवृत्त मास्तर आमच्यासाठी काठी टेकत किल्ल्यावर आले. त्यांनी दगडावरून बोट फिरवत शब्द सुटे करून दिले. "अक्षर लागतंय सर, पण फारसी आमचीही आता अर्धीच राहिली," ते म्हणाले. अर्ध्या ओळीचा अर्थ लागला, अर्धीचा नाही. मुलीने वहीत दोन्ही उतरवून घेतले, न लागलेल्या शब्दांखाली रेघ ओढली आणि मास्तरांना विचारले, "काका, आलिफ-बे शिकायला किती दिवस लागतात?"