आठ आण्यांची लॉरी

मोटारीला कलेंत स्थान कोठें मिळालें, असा प्रश्न निघाला म्हणजे आपले रसिक कादंबऱ्यांकडे अथवा मासिकांतील जाहिरातींकडे बोट दाखवितात. दोन्ही ठिकाणीं ती बहुधा धन्याच्या वैभवाची खूण म्हणून उभी असते. ओझें वाहतांना क्वचितच दिसते. आम्हांस तिचें याहून विचारणीय चित्र आढळलें तें टपालाच्या तिकिटावर.

१९३७ सालीं, सहाव्या जॉर्जच्या कारकीर्दींत, नाशिकच्या सरकारी छापखान्यांत छापलेला जो संच निघाला, त्यांत टपाल नेणारीं साधनें चितारलेलीं आहेत. दोन आण्यांवर हरकारा, अडीचांवर बैलगाडी, तिहींवर टांगा, साडेतिहींवर उंट, चोहोंवर आगगाडी, सहांवर आगबोट, आठांवर करड्या-जांभळ्या रंगाची लॉरी आणि बारांवर विमान. हा क्रम वेगाचा म्हणावा, तर लॉरी कांहीं आगगाडीहून जलद नव्हे. नवेपणाचा म्हणावा, तर आगबोट रेल्वेच्या मागून या देशांत आलेली नाहीं. मग हा चढ कसला? त्याचें उत्तर संग्राहकांच्या सूचींतील नांवांत सांपडतें. हरकारा, बैलगाडी, टांगा व उंट यांच्यामागें तेथें 'डाक' शब्द लागतो. आगगाडी, आगबोट, लॉरी व विमान यांच्यामागें 'मेल'. माणूस चालतो किंवा जनावर ओढतें तोंवर देशी शब्द पुरतो. यंत्र आलें कीं इंग्रजी हवा! चित्रकाराच्या हातून झाली नसती एवढी टीका या दोन शब्दांनीं सहज केली आहे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. संचानें या साधनांची शिडी केली. प्रत्यक्षांत ती सांखळी होती. बुलढाणा हें जिल्ह्याचें मुख्य ठिकाण. परंतु तेथें आजही आगगाडी नाहीं. रेल्वे उत्तरेस मलकापूर-शेगांवकडून जाते, फार तर जलंबहून एक फांटा खामगांवास पोंचतो. मलकापुरास उतरलेल्या थैलीला पुढें मोताळ्यावरून राजूरचा घाट चढावाच लागे, आणि मेहकर-लोणार तर त्याहूनही दूर. अशा मुलुखांत लॉरी ही आगगाडीची वरिष्ठ नव्हे, तिचें अपुरें काम हातीं घेणारी सोबतीण होय; आणि सडक संपली कीं तिलाही कोणाच्या तरी पायांचा आधार लागे. ज्याचें पत्र असें हात बदलीत जाई, त्या शेतकऱ्याला हीं चित्रें मात्र सहसा दिसलीं नसावींत, कारण एक आण्यापर्यंतच्या तिकिटांवर नुसतें राजाचें मस्तक होतें.

२०१७ सालीं भारतीय डाक खात्यानें वाहनांवर २० तिकिटांचा संच काढला. त्यांत पालख्या व रिक्षांबरोबर जुन्या मोटारींनाही जागा मिळाली. त्या देखण्या आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण आपलें पत्र कोणीं वाहिलें, याची आठवण त्या करून देत नाहींत. त्या पुन्हा दिवाणखान्यांतल्या मोटारी झाल्या. (संग्रहालयांचा हा जुनाच पक्षपात: ज्या वस्तूवर धन्याची हौस होती ती जपली जाते, जी कामाला जुंपली ती भंगारांत जाते.)

जुना संच ज्याच्यापाशीं असेल त्यानें तो एकदां किंमतीचा क्रम मोडून मलकापूर-मेहकरच्या वाटेनें लावून पाहावा: आधीं चार आण्यांची आगगाडी, मग आठ आण्यांची लॉरी, मग अडीच आण्यांची बैलगाडी, आणि शेवटीं, दाराशीं, दोन आण्यांचा हरकारा.