नॉकिंग : कानाला कळलेले, पुस्तकाला न कळलेले

घाटात गाडी वरच्याच गिअरमध्ये रेटली की इंजिनातून कधी कधी डब्यात छर्रे हलवल्यासारखा खडखडाट येतो. हेच नॉकिंग. रसायनशास्त्राच्या अनेक मार्गदर्शिका त्याचे कारण एका ओळीत उरकतात : ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेटते. लगेच पुढे ऑक्टेन अंकाची व्याख्या. हे कारण चूक आहे, आणि चूक किरकोळ नाही.

ठिणगीआधी पेट घेणे हा वेगळा दोष. सिलिंडरमधली तापून लाल झालेली काजळीही त्याला पुरते. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवरच पडते. ज्वाला पसरू लागते, तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते आणि ज्वाला पोहोचण्याआधी आपोआप पेटते. दाब एकदम उसळतो व सिलिंडरमधला वायू घंटेसारखा घुमतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ही वारंवारता सुमारे ७००० हर्ट्झ येते. लोखंडावर लोखंड आपटतच नाही!

१९१६ च्या सुमारास अमेरिकेत याचा ठपका चार्ल्स केटरिंग यांच्या विद्युत प्रज्वलन यंत्रणेवर येत होता. त्यांचे सहकारी थॉमस मिज्ली यांनी दाबाचा आलेख घेतला, तेव्हा दाब ठिणगीनंतर उसळताना दिसला. पुढचा तर्क मात्र फसला. इंधन लाल केले तर ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल, असे त्यांना वाटले. रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले, आणि आवाज कमी झाला. मग खरे लाल रंग घालून पाहिले; काहीच फरक नाही. रंगहीन इथिल आयोडाइडने मात्र काम केले. वर्गात सांगावी अशी ही गोष्ट पुस्तकांत नसते. १९२१ चे टेट्राइथिल लेड तेवढे असते. त्या शिशाने हवा किती विषारी केली, हेही क्वचितच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

यापेक्षा गॅरेजमधला मिस्त्री बरा. जुन्या इंजिनात जड ठोके येऊ लागले की तो एकेका प्लगची वायर काढून ऐकतो. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, तिथल्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजलेले. टॅपेटची टिकटिक याने फारशी बदलत नाही. ती कॅमशाफ्टबरोबर, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या गतीने चालते : मिनिटाला ८०० फेऱ्या असतील तर एका झडपेची ४०० वेळा. मोजता आली नाही तरी ही संथ लय कानाला ओळखू येते.