चौकट आणि पान : ‘वॉचमेन’च्या चित्रपटरूपाचा विचार

ॲलन मूर (लेखन) आणि डेव्ह गिबन्स (चित्रे) यांची ‘वॉचमेन’ ही चित्रकादंबरी डीसी कॉमिक्सने १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध केली आणि १९८७ मध्येच ती एका खंडात संकलित झाली. झॅक स्नायडर यांनी दिग्दर्शित केलेले तिचे चित्रपटरूप मार्च २००९ मध्ये प्रदर्शित झाले. या चित्रपटाविषयी झालेल्या चर्चेत स्तुती करणाऱ्यांनी आणि दोष देणाऱ्यांनी एकच मुद्दा सारख्याच आग्रहाने मांडला : चित्रपट मूळ कृतीशी कमालीचा एकनिष्ठ आहे. एका पक्षाला ती निष्ठा वाटली, दुसऱ्याला दास्य. ही निष्ठा नेमकी कशाशी आहे, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूलाच राहिला. स्नायडर यांचा चित्रपट मूळ कृतीतील चौकटीशी एकनिष्ठ आहे, पानाशी नाही. आणि ‘वॉचमेन’चा अर्थ चौकटीत कमी, पानावर अधिक घडतो.

लिंडा हचन यांच्या ‘अ थिअरी ऑफ ॲडॅप्टेशन’ (२००६) या ग्रंथानंतर रूपांतराला निष्ठेची कसोटी लावणे अभ्यासकांना जुनाट वाटू लागले आहे. ते योग्यही आहे. येथे ती कसोटी बाहेरून लावलेली नाही, चित्रपटाने ती स्वतःहून पत्करली आहे. अनेक दृश्यांची रचना, पात्रांच्या उभे राहण्याच्या ढबी, प्रकाशाची दिशा हे सारे गिबन्स यांच्या चित्रांवरून रेषेला रेष जुळवून घेतलेले दिसते. मराठी अभ्यासकाला भाषांतर आणि रूपांतर यांतील भेद शेक्सपिअरच्या निमित्ताने परिचित आहे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘झुंजारराव’ यांच्या संदर्भात नावे, चालीरीती आणि कथानक यांपैकी काय पलीकडे न्यायचे, एवढाच वाद होता. रंगभूमी हे माध्यम दोन्ही तीरांवर तेच होते. ‘वॉचमेन’च्या बाबतीत स्थिती नेमकी उलट आहे. भाषा तीच, नावे तीच, १९८५ साल तेच, निक्सन अजूनही राष्ट्राध्यक्ष असल्याची कल्पनाही तीच. बदलले आहे ते केवळ माध्यम. म्हणूनच माध्यम काय करते हे पाहण्यास हे उदाहरण विशेष सोयीचे आहे.

मूळ कृतीचे सामान्य पान तीन बाय तीन अशा नऊ समान चौकटींचे आहे. हा साचा कृतीत सर्वत्र पाळलेला नाही, पण जेथे चौकटी मोठ्या होतात तेथेही त्या या साच्याच्या पटीतच होतात. वाचकाच्या मनात त्यामुळे एक ठोका बसतो. चौकटीचौकटींमधील कोऱ्या पट्टीत वाचक स्वतः कृती पूर्ण करतो, हे स्कॉट मक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये (१९९३) दाखवून दिले आहे. पण पानाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पान उलटताच, एकही चौकट वाचण्यापूर्वी, संपूर्ण पान नजरेला दिसते. क्रमाने वाचायचे ते एकाच वेळी समोर असते. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घाटाचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे केला. ‘फियरफुल सिमेट्री’ या पाचव्या प्रकरणाला ही परिभाषा जणू बेतून दिल्यासारखी लागू पडते. या प्रकरणाचे पहिले पान शेवटच्या पानाचे प्रतिबिंब आहे, दुसरे उपान्त्य पानाचे, आणि मधोमध समोरासमोरची दोन पाने एकच सममित चित्र होतात. घटनाक्रम पुढे सरकत असताना रचना मात्र आरशात पाहत असते. चित्रपटात या प्रकरणातील घटना आहेत, आरसा नाही. तो असू शकत होता की नाही, हा प्रश्न वेगळा.

याहून महत्त्वाचे उदाहरण चौथ्या प्रकरणाचे आहे. डॉ. मॅनहॅटन हा ‘वॉचमेन’मधील एकमेव खरा अतिमानवी शक्ती असलेला नायक. त्याला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. मंगळावर एकटा बसलेला असताना तो १९५९ मधील एका छायाचित्राकडे पाहतो. हिरोशिमाची बातमी वाचून घड्याळजी बापाने घड्याळाचे सुटे भाग गच्चीतून फेकून दिल्याचे आठवतो. आणि हे सारे तो वर्तमानकाळी क्रियापदांत सांगतो. एकाच पानावर १९४५, १९५९ आणि १९८५ या वर्षांच्या चौकटी शेजारीशेजारी आहेत. कोणतीच दुसरीहून धूसर नाही, कोणतीच ‘आठवण’ म्हणून वेगळ्या रंगात नाही. वाचकाची नजर पुढे जाते, मागे येते, खालच्या ओळीतील छायाचित्र वरच्या ओळीतच पाहून घेते. थोडक्यात, वाचक त्या पानाकडे डॉ. मॅनहॅटनच्या डोळ्यांनी पाहतो. पात्राच्या जाणिवेचे वर्णन येथे नाही. वाचनाची क्रियाच ती जाणीव आहे. चित्रपटातील समांतर प्रसंग हा त्यातील उत्तम प्रसंगांपैकी एक आहे, हे मान्य केले पाहिजे. फिलिप ग्लास यांचे संगीत आणि नायकाचे थंड निवेदन यांचा मेळ प्रभावी आहे. परंतु पडद्यावर एक दृश्य मावळल्याशिवाय दुसरे उगवत नाही. प्रेक्षक काळाच्या आत राहतो, आणि काळाबाहेरच्या माणसाची कथा त्याला एका साध्या पूर्वकथेसारखी ऐकवली जाते.

स्थिर चौकट आणि चालते चित्र यांच्यातील हे अंतर स्नायडर यांना जाणवले नाही असे नाही. त्यावर त्यांनी योजलेला उपाय म्हणजे स्लो मोशन. प्रसिद्ध चौकटीपाशी आले की चित्र मंदावते, जवळजवळ थांबते आणि पुन्हा वेग घेते. उपाय वरकरणी चपखल वाटतो. परिणाम मात्र विपरीत होतो, विशेषतः हिंसेच्या बाबतीत. मूळ कृतीत कॉमेडियनचा खून सलग दाखवलेलाच नाही. दोन गुप्तहेर खोलीत उभे राहून कोरड्या स्वरात बोलत असतात आणि त्यांच्या संभाषणाच्या मध्येमध्ये लाल रंगात बुडालेल्या काही चौकटी येतात. रंगकार जॉन हिगिन्स यांची कामगिरी येथे गिबन्सइतकीच महत्त्वाची आहे. ठोसा कोऱ्या पट्टीत बसतो. तो वाचकच मारतो, असे म्हटले तरी चालेल. चित्रपटाची सुरुवात याच खुनाने होते, पण तेथे ती एक दीर्घ, देखणी झुंज आहे : फुटणारी काच, भिंतीत रुतणारी मूठ, सोबत नॅट किंग कोल यांचे मृदू गाणे. स्थिर चौकटीने हिंसा कापली होती. मंदावलेल्या चित्राने ती ताणली.

रोर्शाक या पात्राच्या पूर्वायुष्यातील निर्णायक प्रसंगात हा फरक नैतिक पातळीवर जातो. अपहृत मुलीचा खून करणाऱ्याच्या घरात तो पोहोचतो. मूळ कृतीत सुरा चालतो तो कुत्र्यांवर. खुन्याला मात्र रोर्शाक बेडीने जखडतो, हाताशी करवत ठेवतो, घर पेटवतो आणि रस्त्यावर उभा राहून ते जळताना पाहत राहतो. त्या पाहत राहण्यात काहीच नाही : राग नाही, न्यायाचे समाधान नाही. आकाशात कोणी नाही, एवढीच त्याला झालेली ओळख. चित्रपटात तोच सुरा खुन्याच्या डोक्यावर वारंवार पडतो. प्रसंग अधिक भीषण होतो, पण अर्थ साधा होतो. ज्याला पोकळी दिसली होती तो आता केवळ संतापलेला आहे, आणि संतापाशी प्रेक्षक सहज एकरूप होतो. सुपरहिरो या कल्पनेचीच चिकित्सा करणाऱ्या कृतीचे रूपांतर त्या कल्पनेच्या आकर्षणापुढे येथे हात टेकते.

‘वॉचमेन’मध्ये मुखवटे घालणाऱ्यांइतकीच जागा मुखवटे न घालणाऱ्यांना आहे. न्यूयॉर्कमधील एका कोपऱ्यावर वर्तमानपत्रविक्रेत्याचा ठेला आहे. शेजारी बसून एक कृष्णवर्णीय मुलगा पैसे न देता ‘टेल्स ऑफ द ब्लॅक फ्रेटर’ हे चाच्यांचे कॉमिक वाचत असतो. विक्रेता जगाच्या अंताविषयी अखंड बडबडतो, मुलगा ऐकत नाही. आणि चाच्यांच्या कथेतील निवेदनपट्ट्या विक्रेत्याच्या चौकटींवर येऊन बसतात, त्याचे शब्द त्या कथेच्या चित्रांवर. दोन्ही कथा एकमेकींवर भाष्य करतात, हे त्यांतल्या कोणालाही कळत नाही. अकराव्या प्रकरणात दोघांचे नाव बर्नार्डच असल्याचे कळते. त्याच कोपऱ्यावर दोन स्त्रियांचे भांडण हातघाईवर येते. रोर्शाकवर उपचार करून स्वतः खचलेला मानसोपचारतज्ज्ञ माल्कम लाँग ते सोडवायला धावतो. ‘यात पडू नकोस’ अशी विनवणी त्याची बायको करत असताना धावतो. तेवढ्यात लखलखाट होतो. दोन्ही बर्नार्ड एकमेकांना मिठी मारतात आणि पांढऱ्या चौकटीत विरून जातात. दूर अंटार्क्टिकात नायक पोहोचलेले असतात, पण उशिरा. सामान्य माणसे मात्र आपापल्या कोपऱ्यावर वेळेत पोहोचलेली असतात.

१६२ मिनिटांच्या प्रदर्शित चित्रपटातून हा कोपरा जवळजवळ गळाला. पुढे १८६ आणि २१५ मिनिटांच्या आवृत्त्या निघाल्या. शेवटचीत चाच्यांची कथा सचेतपटाच्या रूपाने जोडली गेली. गळलेले परत आणले की कृती पूर्ण होते, अशी यामागची समजूत असावी. प्रत्यक्षात सचेतपट सुरू होतो तेव्हा कोपरा थांबतो, आणि कोपरा परत येतो तेव्हा चाचे थांबतात. मजकूर परत आला. एकावर एक असणे परत आले नाही.

शेवटाविषयी झालेला वाद त्यामानाने गौण आहे. मूळ कृतीत एड्रियन व्हाइट न्यूयॉर्कवर एक बनावट, अवाढव्य, परग्रहावरचा भासणारा प्राणी पाडतो, लाखो माणसे मरतात आणि सामाईक शत्रूच्या भयाने महासत्ता एकत्र येतात. चित्रपटात त्या प्राण्याऐवजी अनेक शहरांत स्फोट होतात आणि दोष डॉ. मॅनहॅटनवर येतो. या बदलाबद्दल अनेक वाचक रुष्ट झाले. पण कथानकाच्या दृष्टीने तो अधिक बांधीव आहे, आणि खऱ्या अर्थाने रूपांतर म्हणावे असे चित्रपटात जे थोडे आहे, त्यात त्याची गणना करावी लागेल. दोष बदलात नाही, त्यानंतर जे दाखवले आहे त्यात आहे. बाराव्या प्रकरणाची पहिली सहा पाने प्रत्येकी एकाच चित्राची आहेत. अकरा प्रकरणे नऊ चौकटींच्या ठोक्यावर चाललेल्या नजरेला येथे पळायला दुसरी चौकटच उरत नाही, आणि त्या पानांवर प्रेतांचा खच पडलेला आहे. चित्रपटात एक स्वच्छ विवर आहे, ढासळलेल्या इमारती आहेत. प्रेते जवळपास नाहीत. २००१ नंतरच्या न्यूयॉर्कची प्रतिमा हाताळताना आलेला संकोच समजण्यासारखा आहे. पण गल्लीतील मारामारीत मोडलेले हाड मांसाबाहेर आलेले दाखवणारा चित्रपट सामूहिक मृत्यूपाशी येताच नजर वळवतो, ही विसंगती संकोचाने स्पष्ट होत नाही.

चित्रपट जेथे मूळ चौकटींचा नाद सोडतो तेथे तो उंची गाठतो. बॉब डिलन यांच्या ‘द टाइम्स दे आर अ-चेंजिंग’ या गाण्यावरची श्रेयनामावली पाहावी. मुखवटेधाऱ्यांचा इतिहास तेथे जवळजवळ स्थिर छायाचित्रांतून सरकतो : युद्धसमाप्तीच्या दिवशीचे चुंबन, केनेडींची हत्या, वॉरहॉल यांनी रंगवलेला नाइट आउल. यांतील बहुतेक चित्रे कादंबरीत नाहीत. पहिल्या तीन प्रकरणांच्या शेवटी हॉलिस मेसन याच्या आत्मचरित्रातील गद्य उतारे येतात. त्यांचे काम ही दृश्यमालिका करते. गद्याला चित्रपटाने स्वतःचे उत्तर शोधले, चित्राला मात्र शोधले नाही. हाती तयार चित्र असणे हीच येथे अडचण ठरली असावी. (ॲलन मूर यांचे नाव, त्यांच्याच इच्छेनुसार, या श्रेयनामावलीत नाही, गिबन्स यांचे सहनिर्माते म्हणून आहे.)

डेमन लिंडेलॉफ यांच्या २०१९ च्या नऊ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेने कादंबरीतील एकही प्रसंग जसाच्या तसा पुन्हा उभा करण्याचे मनावर घेतले नाही. कादंबरीचा शेवट इतिहास म्हणून स्वीकारून ती टल्सा येथील १९२१ च्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडापासून सुरू होते. तिच्या सहाव्या भागात अँजेला एबार आपल्या आजोबांच्या स्मृती औषधाच्या गोळ्यांतून अनुभवते. एकाच सलग दृश्यात कॅमेरा फिरतो तेव्हा गणवेशात कधी तरुण आजोबा असतात, कधी त्याच जागी नात. आणि कृष्णधवल खोलीच्या कोपऱ्यात, टल्साच्या त्या दिवसातली आई रंगांत पियानो वाजवत बसलेली दिसते.