लाल रेनकोट

दिवाळीच्या अंकात भयपटावर लिहिणे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. पण निकोलस रोग यांच्या १९७३ सालच्या 'डोंट लुक नाऊ'मध्ये शोधूनही भूत सापडायचे नाही. मूल गमावलेल्या नवराबायकोची ती कथा आहे.

डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या मूळ कथेत मुलगी दुखण्याने जाते. रोग तिला घराजवळच्या तळ्यात बुडवतात. अंगात लाल रेनकोट. त्याच क्षणी आत बाप एका चर्चची स्लाइड न्याहाळत असतो. तिच्यावर पाणी सांडते आणि चित्रातल्या आकृतीचा लाल रंग रक्तासारखा पसरू लागतो. काही न कळताच तो उठून धावतो, पण वेळ टळून गेलेली असते. हा एक बदल मला सबंध चित्रपटाची किल्ली वाटतो. कारण त्यानंतर हे जोडपे जाते ते व्हेनिसला. पाण्याने पोर नेली, आणि आता दाराबाहेर पाऊल टाकावे तिथे पाणीच!

तिथे एक आंधळी बाई लॉराला सांगते, तुमची मुलगी मला दिसली, तुम्हा दोघांमध्ये बसून हसत होती. लॉरा विश्वास ठेवते आणि सावरते. ज्यूली ख्रिस्तीच्या चेहऱ्यावर ते परतलेले हसू पाहावे. जॉन मात्र चिडतो. पोर मेली, संपले, असे बायकोला बजावतो. आणि पुढचे दिसण्याची शक्ती असते ती नेमकी त्यालाच! बायको इंग्लंडला गेलेली असताना ती त्याला काळ्या वेषात नावेतून जाताना दिसते. तो पोलिसांकडे धावतो. आपण आपलीच अंत्ययात्रा पाहिली, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

रोग मुळात छायालेखक. काळाचे तुकडे ते असे जोडतात, की पतिपत्नींच्या एकांतातच नंतर कपडे करून बाहेर पडण्याची दृश्ये मिसळतात. सुख चालू असतानाच त्याची आठवण होऊन जाते. पीनो दोनाज्जो यांचे हे पहिलेच चित्रपटसंगीत. त्यातला पियानो एखादे मूल चाचपडत वाजवीत असावे तसा वाजतो.

शेवट मला पुरता रुचलेला नाही. खुनी बाई ठेंगणी आहे, एवढ्यावरच प्रेक्षकाला दचकवणे हलके वाटते. (शेवट फोडल्याबद्दल क्षमा असावी, पण त्याविना पुढचे बोलता येत नाही.) तरी जॉन त्या अंधाऱ्या गल्लीत का शिरतो ते पाहावे. लाल कपड्यातले कोणीतरी लहानसे तिथे रडते आहे, त्याला उगी करावे म्हणून. डोनाल्ड सदरलंड त्या वेळी किती हळुवार बोलतात! पोर संपली म्हणणारा हाच बाप.

मग ती नाव पुन्हा येते. काळ्या वस्त्रांतली लॉरा ताठ उभी असते, आणि तिच्या ओठांवर अस्फुट स्मित असते.