दुसरी वाट आपोआप धरावी काय?

केम स्थानकावरून जाणारा मुंबई-सोलापूर लोहमार्ग पूर्वी एकेरी होता, आता दुहेरी आहे. एक मार्ग बंद पडला तर दुसरा आहेच, असे प्रवाशाला वाटते. रेल्वे मात्र तेवढ्यावर विसंबत नाही. दोन्ही दिशांच्या गाड्या उरलेल्या मार्गावरून सोडण्यापूर्वी तो मोकळा असल्याची खात्री दोन्ही बाजूंचे स्टेशनमास्तर करून घेतात, चालकाला लेखी परवाना देतात आणि पहिली गाडी ताशी २५ किलोमीटरपेक्षा वेगाने नेऊ देत नाहीत.

हीच कसोटी आपण ‘यू-बूट’ या आज्ञावलीला लावून पाहू. एखाद्या यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकाला वीज मिळाली की प्रथम बूटलोडर नावाची लहानशी आज्ञावली जागी होते आणि मुख्य प्रणाली स्मृतीत आणून तिच्या हाती कारभार सोपवते. जर्मन अभियंता वोल्फगांग डेंक यांच्या कामातून २००२ मध्ये यू-बूट हे नाव पुढे आले. मुख्य प्रणाली जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाकडून मागवण्याची सोय तिच्यात आहे. यंत्राला जाळ्याची दोन दारे असतील आणि पहिल्यातून काम झाले नाही, तर ती आपणहून दुसरे दार ठोठावते.

ही सोय उपयुक्त आहे यात शंका नाही. माणूस सहज पोहोचू शकत नाही अशा ठिकाणचे यंत्र एका तुटलेल्या तारेपायी ठप्प होऊ नये, हा हेतू योग्यच. पण आमचे आक्षेप दोन आहेत.

पहिला असा की, आज्ञावलीला बहुधा एवढेच कळते की उत्तर आले नाही. तार तुटली, मधली जोडपेटी बंद पडली, की पाठवणारा संगणकच बंद आहे, हे त्यावरून ठरत नाही. दोन्ही तारा एकाच जोडपेटीत जात असतील, तर ती पेटी बंद पडल्यावर दार बदलून काय साधणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुसऱ्या दाराने काम भागले की पहिल्याचा बिघाड झाकला जातो. सूचना पडद्यावर उमटते, पण तिथे पडदा पाहणारे कोणी नसते. राखीव साधन असे नकळत खर्ची पडते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हा कळवा-पडघा वीजवाहिनीचे एक मंडल दुरुस्तीसाठी बंद होते आणि दुसऱ्यात बिघाड झाला. तेथे एक मंडल बंद असल्याचे ठाऊक तरी होते. इथे तेही कळत नाही.

रचनाकारांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘इथरोटेट’ या चलाला ‘नो’ ही किंमत दिली की आज्ञावली निवडलेले दार सोडत नाही. ‘नेटरिट्राय’ला ‘वन्स’ दिली की सर्व दारे एकेकदा पाहून ती थांबते. म्हणजे निर्णय अभियंत्याच्या हाती ठेवला आहे. बिघाडाची नोंद ठेवून ती कोणाच्या तरी नजरेस आणणे, हे कामही त्यालाच करावे लागेल.

वर्गात हे सहज दाखवता येईल. एका विद्युतघटाला दोन दिवे समांतर जोडा. एक दिवा काढला तरी दुसरा जळतो. घट काढला की दोन्ही विझतात. मग मुलांना विचारा: आपल्याजवळ राखीव म्हणून नेमके काय होते?