परदेशची गोष्ट आणि आपला मुलूख

इंग्रजी गुन्हेकथा व साहसकथा आवडीनें वाचणाऱ्या मराठी वाचकास एक चमत्कारिक अनुभव केव्हां ना केव्हां येतोच. लंडनच्या धुक्यांतून तो मोठ्या हौसेनें हिंडत असतो, आणि पान उलटतांच त्यास कळतें कीं, रत्नें, विषें आणि शाप जेथून येतात तो कथेंतील दूरदेश म्हणजे आपलाच देश होय. परदेशच्या म्हणून ज्या गोष्टी आपण हातीं घेतल्या, त्यांचे कर्ते आपल्यालाच परदेश समजत होते!

हीं पुस्तकें साम्राज्याचीं अपत्यें, सबब तीं बाजूस सारावीं, असें आमचे कांहीं व्यासंगी मित्र म्हणतात. उलट कित्येक विद्यार्थी तीं निव्वळ करमणुकीसाठीं वाचून विसरून जातात. माझें या दोन्ही पक्षांशीं जमत नाहीं. गुन्हेकथा हा मुळांत साक्षीपुराव्याचा खेळ आहे. तेव्हां साक्ष कोणाची घेतली आणि कोणाची घेतली नाहीं, हें पाहूनच तिची प्रत ठरवावी.

कॉनन डॉयलच्या 'साइन ऑफ फोर'मध्यें (१८९०) आग्र्याच्या खजिन्यासाठीं शपथ घेणाऱ्या शीख शिपायांचीं नांवें महंमद सिंग आणि अब्दुल्ला खान अशीं आहेत. सिगारची राख ओळखणारा होम्स ज्यानें निर्माण केला, त्यास शीख कांहीं ओळखतां आला नाहीं. कथा वेगवान आहे. त्यापलीकडे तिच्याविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं.

विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' (१८६८) हिंदुस्थान न पाहतांच लिहिलेली असूनहि पुष्कळ वरच्या पायरीची आहे. १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटींत एक इंग्रज अधिकारी खून पाडून चंद्रदेवाचा हिरा पळवितो, आणि पुढें तो हिरा इंग्लंडांतील एका सुखवस्तु घरांत येऊन पडतो. त्या घरचा कारभारी, धर्मवेडी नातलग बाई, वकील, वैद्याचा मदतनीस, सारे आपापली हकीकत सांगतात. हिऱ्यामागें आलेल्या तीन ब्राह्मणांस मात्र ती सांगावयास कोणी बोलावीत नाहीं. तथापि अखेरचीं पानें कॉलिन्सनें त्यांसच दिलीं आहेत. देवाच्या सेवेसाठीं त्यांनीं जात गमावली. म्हणून हिरा परत आणल्यावरहि ते तिघे एकमेकांचा निरोप घेऊन तीन दिशांस कायमचे यात्रेस निघतात. चोर कोण, हें वाचक एक वेळ विसरेल. हा निरोप विसरणार नाहीं. हिरा ज्याचा त्यास पोहोंचला असा निवाडा १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनीं इंग्रज वाचकापुढें मांडणें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु आमच्या शहराचा हक्क पोहोंचतो तो फिलिप मेडोज टेलरवर. १८०८ सालीं लिव्हरपूल येथें जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षीं निजामाच्या फौजेंत नोकरी मिळून औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास आला. शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्याखालीं दख्खनी आणि मराठी बोलीची जी सरमिसळ आजहि कानीं पडते, तिच्याकडे अशा परक्या मुलानें कान दिला, हें त्याचें खरें भांडवल. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) हें त्याचें पुस्तक म्हणजे अमीर अली या ठगाची जबानी. साहेब बहुधा ऐकत असतो. येथें खून मेघगर्जनेंत होत नाहीं. वाटेवरची ओळख वाढते, जेवण होतें, गाणें रंगतें, आणि ठरलेल्या खुणेसरशीं रुमाल गळ्यांत पडतो. वाचकास ती सोबत इतकी गोड वाटूं लागते कीं, त्या वाटसरूंप्रमाणें तोहि गाफील होतो. ही किमया डॉयलला साधलेली नाहीं. ज्यानें आईबापांचा जीव घेतला त्यालाच बाप मानून वाढलेला अमीर अली अखेरीस नकळत आपल्या सख्ख्या बहिणीलाच फांस घालतो. ग्रीक शोकांतिकेंत शोभावा असा हा घाट आहे.

पुस्तक ढिलें पडतें तें साहेब मध्येंच तिटकारा व्यक्त करूं लागतो तेथें. आपण सांगितलें तें बहुतांशीं सत्यच, असें टेलर म्हणतो. पण माफीच्या साक्षीदाराची जबानी कोणतेंहि न्यायासन पडताळ्याशिवाय मानीत नाहीं. जीव वांचविण्यासाठीं बोलणारा मनुष्य लेखणी धरणाऱ्यास रुचेल तेंच बोलणार. सरकारनें ठगांचा बंदोबस्त केला, हें ऐकण्यास साहेब उत्सुक होता, हें विसरून चालणार नाहीं.

मराठींत हरिभाऊ आपट्यांनीं 'मधली स्थिति'साठीं (१८८५) रेनॉल्ड्सच्या लंडनचा सांगाडा घेतला आणि त्यावर पुणें उभें केलें. पुढें बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारानें आणि काळ्या पहाडानें मुंबई गाजविली. हजाराहून अधिक पुस्तकांचा तो व्याप आहे, आणि त्यास नाक मुरडणाऱ्यांनीं तीं चोरून वाचलीं आहेत. तपास आपल्या माणसांच्या हातीं आला खरा. पण ऐकणाऱ्या साहेबास वगळून अमीर अलीस बोलूं देणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनांत नाहीं.

नवल असें कीं, तो प्रयत्न एका परीनें टेलरनेंच केला. नळदुर्गास अधिकारी म्हणून राहिल्यावर त्यानें लिहिलेली 'तारा' (१८६३) तुळजापूरच्या ब्राह्मण कन्येची, अफझलखानाच्या काळची गोष्ट आहे. तींत साहेब असणें शक्यच नव्हतें. मात्र त्याबरोबर अमीर अलीचा तो गोड, घातकी आवाजहि गेला, आणि राहिली एक विस्तृत, सहृदय, थोडीशी संथ ऐतिहासिक कादंबरी.